त्यांना चौदा महिने ठाऊक होतं

मेंदूचे फोटो काढणाऱ्या एका संशोधन लॅबने मला फसवलं. फसवणारे तिघं: डॉक्टर मीनल मॅडम, त्यांचे प्रमुख आणि मशीन चालवणारा डॉमनिक. माझ्या डोक्यात गाठ आहे हे त्यांनी पाहिलं आणि मला सांगितलं नाही. चौदा महिने सांगितलं नाही. त्या चौदा महिन्यांत मी दर महिन्याला त्यांच्या दारात उभा होतो, कारण त्यांच्या मशीनचं कूलिंग माझ्याकडे होतं.

लॅब मस्कतमधली आहे, एवढं पुरे. नाव लिहू नका, असं वकिलाने बजावलंय. वकिलाचं मी सहसा ऐकत नाही, या वेळी ऐकतो.

मी दत्ताराम. लांज्याजवळच्या एका वाडीतला, नववी नापास. बाविसाव्या वर्षी एसी मेकॅनिकच्या व्हिसावर ओमानला आलो, बरका गावात सालिम नावाच्या अर्बाबकडे, म्हणजे मालकाकडे. आज त्याचं वर्कशॉप मी चालवतो. नऊ माणसं हाताखाली आहेत. मला कोणी काही फुकट दिलं नाही आणि मीही कोणाला भावात सोडलं नाही. बरक्याच्या मासळी बाजारात मला येताना पाहिलं की विकणारे आधीच तोंड फिरवतात. जे कमावलं ते जिभेवर कमावलं. हे आधीच सांगतो, कारण आजाराने माझ्या जिभेवरच हात टाकला.

फ्रेमसकट

तेलाचे भाव पडायला लागले त्या हिवाळ्यातली गोष्ट. कामं कमी होत होती, म्हणून लॅबचं काम मी जिवापाड सांभाळत होतो. त्या मशीनचं लोहचुंबक कायम गार ठेवावं लागतं. रात्रंदिवस, सणवार काही नाही. मशीन बंद असलं तरी खोलीत एक आवाज चालू असतो, भिंतीवर पाल चुकचुकावी तसा. शंकेची पाल चुकचुकते म्हणतात. तिथे ती चोवीस तास चुकचुकत होती आणि मला शंका आली नाही.

मीनल मॅडम पुण्याच्या. परक्या मुलखात मराठी बोलणारं माणूस भेटलं की मी जरा सैल होतो, ही माझी खोड. एकदा मी बाहेर चिलर, म्हणजे मशीन गार ठेवणारं यंत्र, तपासत असताना त्या चहा घेऊन आल्या.

"दत्ताराम, तुम्हाला भाषा किती येतात हो?"

"भांडायच्या की बोलायच्या?"

"दोन्ही."

"मराठी, हिंदी, मल्याळम, अरबी. आणि इंग्लिश पैसे मागण्यापुरतं."

"मग तुम्ही आम्हाला हवेच आहात! बऱ्याच भाषा बोलणाऱ्या निरोगी माणसांचे मेंदू आम्ही पाहतोय. तासभर आडवं पडायचं, बस."

"मला काय मिळणार?"

"पेट्रोलचा खर्च आणि तुमच्या मेंदूचा फोटो."

"फ्रेमसकट?"

त्या हसल्या. "फ्रेमसकट."

सौदा झाला. फॉर्म आला. मी फॉर्म वाचल्याशिवाय सही करत नाही. न वाचता सही करणारा माणूस आखातात टिकत नाही. शरीरात लोखंड आहे का, ग्राइंडिंग करताना डोळ्यात कण गेला होता का, दात कोणते, स्क्रू कुठे. आणि शेवटच्या पानावर एक ओळ होती: तपासणीत काही वेगळं आढळल्यास मला कळवावे. होय किंवा नाही. मी 'होय'वर खूण केली. त्या पानाची प्रत माझ्याकडे आहे.

आत मशीन घणाचे घाव घालत होतं आणि डोळ्यांपुढे चित्रं येत होती. खुर्ची, मासा, किल्ली. मनातल्या मनात एकदा मराठीत नाव घ्यायचं, एकदा अरबीत. कानात डॉमनिकचा आवाज येई, "दत्ताभाऊ, झोपू नका हां." डॉमनिक वसईचा, मशीन चालवणारा. दर वेळी माझी थट्टा करायचा. त्या दिवशी मी बाहेर आलो तेव्हा गप्प होता. पाणी आणून दिलं आणि विचारलं, "भाऊ, तुमचं डोकं दुखतं का कधी?"

"बायको बोलायला लागली की दुखतं."

मॅडम हसल्या. डॉमनिक हसला नाही.

पुढच्या महिन्यात फोटो मिळाला. काळी फ्रेम, आत माझा मेंदू, अक्रोडासारखा. वर्कशॉपमध्ये टेबलाच्या मागे टांगला. गिऱ्हाइकांना सांगायचो, "बघा, सरकारी मशीनने काढलाय. आहे, भरलेला आहे." सालिम म्हणाला, "दत्ता, अब इसका भी रेट बढ़ाएगा क्या?"

दारात उभा असताना

त्यानंतर मॅडमनी माझ्याशी बोलणं कमी केलं. मी आलो की त्या मीटिंगमध्ये असत. एकदा मला पाहून जिन्यावरून परत फिरल्या. मला वाटलं, कूलिंगवर नाराज आहेत. मी माझ्या दोन मेकॅनिकांना सगळ्यांसमोर झापलं, एकाची तर सुट्टी कापली. त्या पोराची काही चूक नव्हती. त्याची माफी मी मागितली आहे. या सगळ्या प्रकरणात आतापर्यंत मागितली गेलेली ती एकमेव माफी.

डोकं दुखू लागलं ते उन्हाने, असं मी ठरवलं. बायको, शुभांगी, म्हणाली चष्म्याचा नंबर बदला. मग शब्द घसरायला लागले. रुस्ताकच्या एका दुकानदाराशी भाव करत होतो आणि मधेच अरबी आकडा सापडेना. समोरच्याला वाटलं मी विचार करतोय, त्याने स्वतःहून भाव उतरवला. मी खूश झालो. इतका मूर्ख मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

पंपावर

सईला शाळेतून आणत होतो. सई माझी मुलगी, तेव्हा बारा वर्षांची. आम्ही माबेल्यात राहतो, शाळा लांब. पेट्रोल भरायला पंपावर गाडी बंद केली आणि उजवा हात आपोआप उडायला लागला. पुढचं मला आठवत नाही. सईने सांगितलं की मी तोंड वाकडं करून घशातून आवाज काढत होतो. तिने पंपावरच्या माणसाला हाका मारल्या, आईला फोन केला आणि माझं डोकं स्टिअरिंगवर आपटू नये म्हणून मधे स्वतःचं दप्तर धरलं.

दोन मिनिटं आधी मी हायवेवर एकशे वीसने होतो. मागच्या सीटवर ती होती.

लॅबच्या लोकांना मी हे जेव्हा सांगतो तेव्हा ते खाली बघतात. खाली बघू नका. माझ्याकडे बघा.

सरकारी हॉस्पिटलमध्ये दुसऱ्या दिवशी निदान झालं. तो दिवस असा होता: गादीवर प्लास्टिक, अंगाखाली घाम, शेजारच्या खाटेवर एक म्हातारे ओमानी बाबा, त्यांच्या घरच्यांनी आणलेला खजूर आणि कहवा आमच्याकडेही आपोआप येत होता. डॉक्टर तरुण होता, इजिप्तचा. त्याने बोटांनी आकार दाखवला. लिंबाएवढी. डाव्या बाजूला, जिथे बोलणं असतं तिथे.

"याआधी कधी स्कॅन केला होता?"

तेवढ्या भीतीतही मला अभिमान वाटला, हे खरं सांगतो. "केलाय ना! वर्कशॉपमध्ये फोटो आहे."

सालिम स्वतः जाऊन फ्रेम घेऊन आला. डॉक्टरने फोटो खिळे काढून बाहेर काढला आणि उजेडासमोर धरला. मग म्हणाला की फोटोतला हा मेंदूचा काप गाठीच्या बऱ्याच खालचा आहे, यात काही दिसणार नाही. पण मशीनने एक काप घेतलेला नसतो, शेकडो घेतलेले असतात. बाकीचे मागवा.

मी खाटेवरूनच मॅडमना फोन लावला.

"मॅडम, मी दत्ताराम. माझ्या डोक्यात गाठ निघालीय. तुमच्याकडचे माझे सगळे फोटो पाहिजेत."

त्यांनी "अरे बापरे" म्हटलं नाही. "कसली गाठ?" असं विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "मी सरांशी बोलून सांगते."

मी तीस वर्षं माणसांशी सौदे केलेत. समोरच्याला माल आधीच माहीत असला की तो आश्चर्य दाखवायला विसरतो. त्या क्षणी मला कळलं.

कॉम्प्रेसर

ऑपरेशन आठ तास चाललं. गाठ कॅन्सरची नव्हती, पण वेगाने वाढणारी होती. शुद्धीवर आल्यावर मल्याळी नर्सने नाव विचारलं, ते सांगता आलं. मग शुभांगीकडे बोट दाखवून विचारलं, "ये कौन है? नाम?"

मी म्हणालो, "कॉम्प्रेसर."

नर्सला हसू आलं, शुभांगीलाही आलं, आणि मग ती पदर तोंडाला लावून बाहेर गेली. मला तिचं नाव माहीत होतं. ते डोळ्यांसमोर उभं होतं. तोंडापर्यंत येत नव्हतं.

पुढचे दिवस मी फार वाईट वागलो. पाणी हवं असायचं आणि तोंडातून 'पान्हा' निघायचं. ताट भिरकावलं. शुभांगीने एक वाक्य पुरं करून दिलं तर तिच्यावर धावून गेलो, एक नाही दिलं तरी धावून गेलो. ती एकदाच उलटली. "अहो, ज्यांच्यावर ओरडायचंय ते इथे नाहीत. मी आहे म्हणून माझ्यावर काढू नका." बरोबर होतं. ऐकून घेतलं.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी असा रुग्ण असेल तर एक सांगतो. त्याला शब्द सुचवू नका, थांबा. आणि तो शिवी देईल ती मनावर घेऊ नका. माझ्या शिव्या सगळ्या भाषांतल्या शाबूत होत्या. बायकोचं नाव गेलं आणि शिव्या राहिल्या, याला काय म्हणावं?

एक चांगलं झालं. इंग्लिश माझं जवळजवळ सगळं गेलं, आणि सई घरात इंग्लिशच बोलायची. आता तिला मराठीशिवाय इलाज उरला नाही. रोज संध्याकाळी बोलण्याच्या उपचारवाल्या बाईंनी दिलेली चित्रांची कार्डं घेऊन ती खाटेजवळ बसायची. "पप्पा, हे काय आहे? नाही, हे मासा नाही. पप्पा, तुम्ही चीट करता!" "हे मासा नाही, हा मासा नाही," असं मी तिला सुधारलं. ऑपरेशननंतर मी बोललेलं ते पहिलं अख्खं वाक्य.

एच-सतरा

ऑपरेशननंतर नवव्या दिवशी डॉमनिक आला. हातात सफरचंदं. खुर्चीच्या टोकावर बसला.

"दत्ताभाऊ, मी पाहिलं होतं."

मी भिंतीकडे तोंड फिरवलं. बोलता येत असतं तरी बोललो नसतो.

"तुम्ही आत होता तेव्हाच स्क्रीनवर दिसलं. पांढरं, वाटाण्याएवढं. मी मॅडमना दाखवलं. मॅडमनी सरांना ईमेल केला."

शुभांगीने विचारलं, "मग?"

"सर म्हणाले, आपण हॉस्पिटल नाही. आपले फोटो निदानाचे नसतात. हॉस्पिटलचे डॉक्टर दर तीन महिन्यांनी फोटो बघायला येतात, त्यांच्या यादीत टाका. तोपर्यंत अभ्यासातून वगळा. भाऊ, तुमचं नाव तिथे नसतं. नंबर असतो. एच-सतरा. कॉम्प्युटरवर लिहिलं, एच-सतरा वगळला. आणि तुमच्या जागी दुसरा माणूस बोलावला."

"आणि यादी?"

"त्या खेपेला डॉक्टर आलेच नाहीत. पुढच्या खेपेला नवीन यादी केली. त्यात फक्त अभ्यासातले लोक होते. तुम्ही वगळलेले."

म्हणजे गाठ होती म्हणून मला वगळलं, आणि वगळलं म्हणून गाठ कोणी पाहिली नाही. असा हिशोब फक्त शिकलेली माणसंच करू शकतात. माझ्या वर्कशॉपमधला हेल्पर गिऱ्हाइकाच्या एसीत गॅस गळताना पाहील तर तो आधी ओरडेल. नंबर कोणता ते नंतर बघेल.

माझ्या तोंडातून एकच शब्द निघाला. "फोटो."

डॉमनिकला समजलं. तो रडायला लागला. "तुमच्या फ्रेमसाठी काप मीच निवडला. मॅडम म्हणाल्या, चांगला दिसणारा दे. वरचा दिला असता तर... मी खालचा दिला."

शुभांगी उठली आणि सफरचंदांची पिशवी त्याच्या हातात परत दिली. "डॉमनिकभाऊ, यांच्याबरोबर तुम्ही दर महिन्याला चहा पीत होता."

"वहिनी, आम्हाला सक्त सांगितलंय. तंत्रज्ञाने निकाल बोलायचा नाही. नोकरी गेली असती, व्हिसा गेला असता."

मी त्याला हाताने बस म्हटलं. मला त्याचा राग आहे, अजून आहे. पण तिघांपैकी माझ्या खाटेपर्यंत चालत आलेला तो एकटाच. आणि जाताना त्याने कागदाची एक घडी शुभांगीच्या हातात ठेवली. मॅडमच्या ईमेलची छापील प्रत, प्रमुखांच्या उत्तरासकट. दोन ओळींचं उत्तर.

समेटाची खोली

दोन महिन्यांनी लॅबने बोलावलं. सालिम बरोबर आला, पांढरी पायघोळ दिशदाशा, डोक्यावर मस्सरचा फेटा, जणू लग्नाला निघालाय. म्हणाला, "तुम गुस्सा करो, मैं सलाम करूँगा. दोनों लगेगा."

प्रमुख साहेब सौम्य गृहस्थ. आम्हाला चहा दिला. म्हणाले, जे झालं त्याचं वाईट वाटतं, पण नियम पाळले गेले. माझा फॉर्म एका कपाटात होता, फोटो दुसऱ्या कपाटात, आणि दोन्ही जोडणारी यादी तिसऱ्या ठिकाणी कुलपात. सहभागी माणसाच्या गुप्ततेसाठी.

गुप्तता! माझ्यापासूनच माझी गुप्तता.

मग त्यांनी देणं मांडलं. जन्मभर मोफत स्कॅन. कूलिंगच्या कामाचा करार पाच वर्षांनी वाढवून. आणि एक पत्र, 'झालेल्या गैरसोयीबद्दल खेद'. खाली माझी सही, की यापुढे कसलीही तक्रार नाही.

पाच वर्षांचा करार. त्या वेळी बरक्यात निम्मी वर्कशॉपं बंद पडत होती. समोरच्याने काय देऊ केलं आणि तो किती घाबरलाय, हे मी एका नजरेत ओळखतो. दहा वर्षं मागितली असती तरी मिळाली असती. मीनल मॅडम कोपऱ्यात बसून वहीत बघत होत्या.

माझी वाक्यं तेव्हा तुटत होती. मी सावकाश बोललो. "मला... करार नको. एक वाक्य. लिहून. आम्ही त्या दिवशी पाहिलं. सांगितलं नाही. सही."

साहेब म्हणाले, "तसं लिहिता येणार नाही. आमच्या कायदा विभागाचं म्हणणं..."

"ईमेल तुमचा?" मी घडी उलगडून टेबलावर ठेवली.

त्यांनी ती वाचली. आणि पहिला प्रश्न काय विचारला? "हे तुम्हाला कोणी दिलं?"

सालिम खुर्चीवरून उठला. सलाम त्याने केला नाही. "खलास. यल्ला, दत्ता, चलो."

गाडीत त्याने विचारलं, पाच साल का काम छोड़ दिया, पगला है? मी मान डोलावली. तो म्हणाला, अच्छा किया.

पुढे समिती नेमली गेली. समितीने सांगितलं, कार्यपद्धतीचं पालन झालेलं आहे. डॉमनिकची नोकरी गेली, कागद बाहेर दिल्याबद्दल. तो वसईला परतला. मॅडमना बढती मिळाली की नाही मला माहीत नाही, पण त्या अजून तिथेच आहेत. साहेबही आहेत. कूलिंग आता दुसऱ्याकडे आहे.

आता

हे लिहायला मला पाच महिने लागले. जो शब्द येत नव्हता तो मी शुभांगीला हाताने करून दाखवला आणि तिने तो लिहिला. मल्याळम परत आलं, हिंदी आली, अरबी अर्धी आली. उजव्या हाताची पकड कच्ची आहे, पान्हा धरला की घसरतो. भाव करताना मी अडखळतो आणि समोरचा वाट बघत नाही. मासळी बाजारातले आता माझ्याकडे बघून हसतात आणि स्वतःहून भाव कमी करतात. दया म्हणून. ती मला मुळीच नको आहे.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना मी विचारलं, वाटाण्याएवढी असतानाच काढली असती तर? ते प्रामाणिक माणूस. म्हणाले, "कदाचित शब्द वाचले असते. कदाचित. हे मी लिहून देऊ शकत नाही." मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी निदान माझ्याकडे बघून सांगितलं.

कोणत्याही संशोधनाच्या मशीनमध्ये आडवं पडणार असाल तर आधी तीन गोष्टी विचारा. माझा फोटो डॉक्टर बघणार का? कधी? आणि काही दिसलं तर मला फोन कोण करणार, त्याचं नाव काय? नाव मिळेपर्यंत बूट काढू नका. संशोधन वाईट नाही, ते व्हायला पाहिजे. पण तुम्ही निरोगी म्हणून आत जाता, तेव्हा तुमची काळजी घेणं हे तिथे कोणाचंच काम नसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि प्रमुख साहेब, तुम्हाला. कायदा विभागाला नाही, समितीला नाही, नोकरी गमावलेल्या डॉमनिकला नाही. मीनल मॅडमचा ईमेल तुम्हाला सकाळी मिळाला आणि दुपारी तुम्ही उत्तर दिलंत. त्यांनी त्यात लिहिलं होतं की हा माणूस आपल्या ओळखीचा आहे, खाली चिलरजवळ काम करतोय. म्हणजे मी नंबर नव्हतो. तुमच्या खिडकीखाली उभा होतो. तुम्ही खिडकी उघडून हाक का मारली नाही? हे मला लिहून द्या. तुमच्या हाताने, तुमच्या सहीने. माझी मुलगी वाचू शकेल अशा कुठल्याही भाषेत द्या. पण द्या.